सॉफ्टवेअरची रचना घरबसल्या शिकता येईल काय?

दूरस्थ शिक्षण म्हटले की आपल्या समाजात दोन परस्परविरुद्ध उद्गार ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, ‘घरी बसून का कोठे विद्या येते? पदवीचा कागद मिळविण्याची ती एक वाट आहे, एवढेच.’ दुसरा पक्ष म्हणतो, ‘आता सारी विद्या फोनवर आली आहे, शाळा-कॉलेजांची गरजच काय?’ मी बेळगावातील एका शाळेत गणित आणि संगणक हे विषय शिकविणारा शिक्षक आहे. तेव्हा पहिले मत ऐकून मला बरे वाटावे आणि दुसरे ऐकून राग यावा, हे स्वाभाविकच आहे. परंतु धंद्याचा अभिमान हा काही पुरावा नव्हे. म्हणून या सर्वसाधारण वादात न शिरता एका नेमक्या विद्येपुरता हा प्रश्न आज तपासून पाहू. ती विद्या म्हणजे सॉफ्टवेअरची रचना.

सॉफ्टवेअर लिहिणे आणि सॉफ्टवेअर रचणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. संगणकाच्या भाषेचे व्याकरण शिकून आज्ञा लिहिता येणे, म्हणजे लिहिणे. पण एखादे मोठे काम कोणकोणत्या भागांत वाटावे, कोणत्या भागाला काय ठाऊक असावे आणि काय ठाऊक नसावे, उद्या गरज बदलली तर कोठे हात घालावा लागेल, याचा विचार म्हणजे रचना. आमच्या उद्यमबागेत ज्यांचा वावर आहे त्यांना हा भेद चटकन कळेल. फाउंड्रीत रस ओतणारा कारागीर आणि लाकडी पॅटर्न करणारा कारागीर हे दोघेही कुशलच. पण पॅटर्न करणाऱ्याला धातू थंड झाल्यावर किती आकसेल याचा हिशेब आधीच करावा लागतो. बिडाच्या कामात फुटाला सुमारे अष्टमांश इंच सूट ठेवतात, आणि त्यासाठी मुद्दाम जरा मोठ्या मापाची पट्टी वापरतात. जे अजून घडलेले नाही त्यासाठी आज जागा ठेवणे, हे त्या कारागिराचे खरे कौशल्य. सॉफ्टवेअर रचणाऱ्याचेही तेच आहे. फरक इतकाच की धातू किती आकसेल हे ठरलेले असते, आणि माणसांच्या गरजा किती बदलतील हे कोणी सांगू शकत नाही.

ही विद्या तशी वयाने लहान आहे. १९६८ च्या ऑक्टोबरात जर्मनीतील गार्मिश या गावी नाटो संघटनेच्या विज्ञानसमितीने एक परिषद भरविली. मोठमोठी संगणककार्ये वेळेवर पुरी होत नाहीत, पुरी झाली तर त्यांवर विसंबता येत नाही, आणि त्यांत बदल करू जाता सारेच कोसळते, अशी तक्रार तेथे जमलेल्या तज्ज्ञांनी मोकळेपणाने केली. ‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’ हा शब्द त्या परिषदेपासून रूढ झाला. पुढे १९७२ साली डेव्हिड पार्नास यांनी एक छोटासा निबंध प्रसिद्ध केला, आणि माझ्या मते या विषयात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा. त्यांनी शब्दसूची तयार करण्याचे एकच काम घेतले आणि त्याची दोन प्रकारे विभागणी करून दाखविली. पहिल्या प्रकारात कामाच्या पायऱ्यांप्रमाणे भाग पाडले: आधी वाचणे, मग ओळी फिरविणे, मग वर्णानुक्रम लावणे, मग छापणे. नवशिक्याला हीच विभागणी सुचते. दुसऱ्या प्रकारात, जो जो निर्णय उद्या बदलण्याचा संभव आहे तो तो एकेका भागाच्या पोटात लपवून ठेवला. दोन्ही प्रकारांनी काम पुरे होते. पण माहिती साठविण्याची पद्धत बदलावी लागली, तर पहिल्या प्रकारात जवळजवळ सारे भाग उघडावे लागतात, आणि दुसऱ्यात एकच.

आता ही गोष्ट मी आपणांस दोन मिनिटांत सांगितली आणि आपल्याला ती पटलीही असेल. परंतु त्यामुळे आपल्याला रचना करता येऊ लागली काय? येथेच शिक्षणाचा खरा प्रश्न उभा राहतो.

माझा एक माजी विद्यार्थी दिवसा फाउंड्रीत काम करतो आणि रात्री अभ्यास करून बाहेरून संगणकाची पदवी घेत आहे. वाचनालयाच्या देवघेवीची नोंद ठेवणारा प्रोग्राम त्याने स्वाध्याय म्हणून लिहून पाठविला होता. तो परत आला तेव्हा त्यावर शंभरांपैकी सत्तर हा आकडा आणि खाली एक सही, याखेरीज अक्षर नव्हते. पोरगा माझ्याकडे आला आणि म्हणाला, “सर, प्रोग्राम तर बरोबर चालतो. मग माझे तीस गुण गेले कुठे?”

मी तो वाचून पाहिला. खरोखरच बरोबर चालत होता. मी म्हटले, “अरे, समज, उद्या वाचनालयाच्या समितीने ठराव केला की पुस्तक उशिरा आणणाऱ्यास दिवसाला एक रुपयाऐवजी दोन रुपये दंड, आणि बालसभासदांस दंड माफ. मग तू काय करशील?” तो शोधू लागला. एक रुपया हा आकडा पाच ठिकाणी निघाला. त्यांतला एक तर छापील पावतीच्या मजकुरातच गुंतलेला होता. मी आणखी काही सांगितले नाही. दोन रात्री जागून त्याने दंडाचा सारा हिशेब एका ठिकाणी आणला आणि पुन्हा मला दाखविला. त्यावर मी विचारले, “रविवारी वाचनालय बंद असते. त्या दिवसाचा दंड घ्यायचा का?” तिसऱ्या खेपेस तो आला तो उत्तर घेऊन नव्हे, स्वतःचा प्रश्न घेऊन आला: “सर, सुटी कोणती हे ठाऊक कोणाला असावे? दंडाच्या भागाला, की दिनदर्शिकेचा वेगळा भागच करावा?”

श्रोतेहो, हा प्रश्न ज्याला पडला त्याला रचनेची अक्षरओळख झाली असे मी समजतो. आणि ती कशाने झाली हे पाहण्यासारखे आहे. मी त्याला व्याख्यान दिले नाही. तशी व्याख्याने त्याच्या फोनवर शेकड्यांनी होती. त्याने केलेल्या कामाकडे कोणीतरी पाहिले, त्याला एक प्रश्न विचारला, त्याने काम मोडून पुन्हा केले, आणि पुन्हा कोणीतरी पाहिले. वास्तुशिल्प शिकविणाऱ्या शाळांतून हीच रीत चालत आली आहे. विद्यार्थी आराखडा काढतो, गुरुजी त्यावर पेन्सिल फिरवीत बोलतात, आणि विद्यार्थी पुन्हा काढतो. अमेरिकेतील डोनाल्ड शोन यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या रीतीचे बारकाईने विश्लेषण केले. कुशल माणूस काम करता करता विचार करतो, आणि तो विचार शिष्याला केवळ शब्दांनी देता येत नाही, कामावर काम करूनच द्यावा लागतो, असे त्यांच्या विवेचनाचे सार आहे.

तेव्हा प्रश्न असा होतो की, गुरूची पेन्सिल दोनशे मैलांवरून फिरविता येईल काय?

येईल; आणि ती शंभराहून अधिक वर्षे फिरतही आली आहे. १८४० साली इंग्लंडात स्वस्त टपाल सुरू झाले त्याच सुमारास आयझॅक पिटमन यांनी पत्राने लघुलेखन शिकविण्यास आरंभ केला. विद्यार्थ्यांनी बायबलमधील उतारे लघुलिपीत उतरवून कार्डावर पाठवावयाचे, आणि पिटमन यांनी चुका दुरुस्त करून ती कार्डे परत धाडावयाची. पहिलेच म्हणता येईल असे हे पत्रशिक्षण. आणि त्यात धडा पाठविण्याइतकेच, किंबहुना त्याहूनही अधिक, महत्त्व दुरुस्तीला होते. आज आपण पाठविण्याची साधने शतपट वाढविली आणि दुरुस्तीचे कलम हळूच गाळले, ही माझी मुख्य तक्रार आहे.

या बाबतीत ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीचा इतिहास बोधप्रद आहे. हॅरॉल्ड विल्सन यांनी १९६३ साली ग्लासगो येथील भाषणात आकाशमार्गे चालणाऱ्या विद्यापीठाची कल्पना मांडली, जेनी ली या मंत्रिणीने ती नेटाने पुढे रेटली, १९६९ साली सनद मिळाली आणि जानेवारी १९७१ मध्ये पहिले विद्यार्थी शिकू लागले. बीबीसीवरून रात्री-अपरात्री लागणारे त्या विद्यापीठाचे पाठ पुष्कळांच्या स्मरणात आहेत. २००६ च्या डिसेंबरात ते बंद झाले. लोकांना वाटते, दूरचित्रवाणी हाच त्या विद्यापीठाचा प्राण होता. तसे नव्हते. प्राण होता तो छापील पाठांत, घरी पाठविल्या जाणाऱ्या प्रयोगसाहित्याच्या पेटीत, आणि सर्वांत अधिक त्या शिक्षकात, ज्याच्याकडे साधारण वीस-पंचवीस विद्यार्थी सोपविलेले असतात. विद्यार्थ्याने ठरलेल्या तारखांना स्वाध्याय पाठवावयाचे आणि या शिक्षकाने त्यांवर सविस्तर शेरे लिहून ते परत करावयाचे. येथवर आपल्याकडेही नियम असतातच. पण तेथे आणखी एक गोष्ट आहे. शिक्षकाने तपासलेल्या स्वाध्यायांतील काही नमुने दुसरा अनुभवी शिक्षक पुन्हा पाहतो, आणि गुण बरोबर दिले की नाहीत एवढेच नव्हे, तर शेरे उपयोगी पडतील असे लिहिले की नाहीत, हेही पाहतो. तपासणाऱ्याची ही तपासणी मला फार मोलाची वाटते. आमच्या शाळाखात्यानेही ती उचलावी, पण तो विषय वेगळा.

याच विद्यापीठाने १९९८ साली संगणकाचा एक नवा पाठ्यक्रम सुरू केला. त्याची सुरुवातच रचनेपासून होती. त्यासाठी स्मॉलटॉक ही भाषा निवडली, आणि ज्यांनी ती भाषा घडविण्यात मोठा वाटा उचलला त्या ॲडेल गोल्डबर्ग यांच्या चमूने तयार केलेले लर्निंगवर्क्स नावाचे साधन विद्यार्थ्यांच्या घरी दिले. दर वर्षी हजारो प्रौढ विद्यार्थी, त्यांतील कित्येकांनी पूर्वी एक ओळही लिहिलेली नाही, असा तो वर्ग होता. पुढे जावा भाषा आली आणि तिच्याबरोबर मायकेल कोलिंग यांनी १९९९ साली मुद्दाम नवशिक्यांसाठी तयार केलेले ब्लूजे हे साधन आले. या पाठांत पडद्यावर बेडूक असतात. बेडकाला आज्ञा केली की तो उडी मारतो, रंग बदलतो. विद्यार्थ्याला प्रथम आज्ञा लिहावी लागत नाही. समोरच्या वस्तूला काय काय ठाऊक आहे आणि तिच्याकडून काय काय करवून घेता येते, हे विचारावे लागते. नंतर दुसऱ्या जातीचा बेडूक येतो. तो पहिल्याहून थोडाच निराळा. मग प्रश्न येतो की, दोघांत जे समान आहे ते दोनदा लिहावयाचे काय? एकाकी विद्यार्थ्याच्या शेजारी कोणी बसलेले नसताना प्रश्न योग्य क्षणी पुढे यावा, ही योजना त्या बेडकांमागे आहे. बेडूक पाहून हसणारे पंडितही मी पाहिले आहेत. त्यांनी एकदा पहिलीच्या मुलांना मण्यांच्या माळेवर बेरीज शिकवून पाहावी.

तथापि साधन कितीही चांगले असले तरी ते एक गोष्ट करू शकत नाही. प्रोग्राम चालतो की नाही, हे यंत्र सांगू शकते. स्वाध्यायाचे गुणही आज यंत्रे क्षणार्धात देतात. पण दंडाचा दर पाच ठिकाणी लिहिला तरी प्रोग्राम चालतोच. यंत्राच्या लेखी त्या मुलाचा स्वाध्याय निर्दोष होता. रचनेतला दोष आज दिसत नाही, तो पुढच्या वर्षी दिसतो, आणि पुढचे वर्ष डोळ्यांपुढे उभे करण्यासाठी जाणते माणूस लागते.

२०१२ च्या सुमारास अमेरिकेतील मोठ्या विद्यापीठांनी आपले वर्ग इंटरनेटवर सर्वांना खुले केले. एकेका वर्गात लाखभर नावे नोंदली जाऊ लागली आणि आता विद्या गंगेसारखी वाहील, असे सांगण्यात आले. हार्वर्ड आणि एमआयटी यांच्या अशा वर्गांचा हिशेब २०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आला, तेव्हा नाव नोंदविणाऱ्यांपैकी शंभरांत सुमारे तीनच जण शेवटास पोहोचल्याचे दिसले. नाव नोंदविणारा प्रत्येक जण पुरे करण्याच्या इराद्याने आलेला नसतो, हे मान्य; तरीही आकडा विचार करावयास लावणारा आहे. मात्र त्याच लाटेत एक चांगला प्रयोग झाला. स्टॅनफर्डचे स्कॉट क्लेमर यांनी २०१२ साली माणूस आणि यंत्र यांमधील दुवा कसा रचावा, हा विषय अशा विराट वर्गाला शिकविला. इतके आराखडे तपासणार कोण? त्यांनी विद्यार्थ्यांनाच एकमेकांचे आराखडे तपासावयास लावले. पण त्याआधी, शिक्षकांनी अगोदरच तपासून ठेवलेले नमुने प्रत्येकाकडून तपासून घेतले आणि दोहोंचा मेळ बसतो की नाही ते पाहिले. म्हणजे दुसऱ्याचे काम पाहावे कसे, हेच आधी शिकविले. ओपन युनिव्हर्सिटीनेही २०१० साली सुरू झालेल्या आपल्या डिझाइनच्या पाठ्यक्रमासाठी ओपनडिझाइनस्टुडिओ नावाची एक जागा संगणकजालावर उघडली. विद्यार्थ्याने आपले अर्धेकच्चे रेखाटन तेथे टांगावे आणि इतरांनी ते पाहून दोन शब्द लिहावेत. वर्गात शेजाऱ्याच्या वहीत डोकावणे हा गुन्हा ठरतो. रचना शिकताना तो अभ्यासाचाच भाग आहे.

आपल्या देशाकडे वळू. हिंदुस्थानातील पहिले मुक्त विद्यापीठ १९८२ साली हैदराबादेस स्थापन झाले. तेथील मराठी बांधवांना हे सांगावयास नकोच. आज ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाने चालते. १९८५ साली दिल्लीस इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ आणि १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघाले. आयआयटी आणि बंगलोरची विज्ञानसंस्था यांनी मिळून २००३ पासून एनपीटीईएल हा उपक्रम चालविला आहे, आणि त्यातली व्याख्याने कोणालाही विनामूल्य पाहता येतात. मद्रासच्या आयआयटीने २०२० साली घरून शिकता येईल अशी पदवी सुरू केली. तिच्या परीक्षेस मात्र केंद्रावर जाऊनच बसावे लागते, आणि विद्यार्थ्याने केलेल्या प्रकल्पावर तोंडी प्रश्न विचारतात. हे तोंडी प्रश्न म्हणजे आपली ती दुरून फिरणारी पेन्सिलच होय.

मराठी श्रोत्यांच्या दृष्टीने मला अधिक जवळचा वाटतो तो मुंबईच्या आयआयटीचा स्पोकन ट्यूटोरियल हा उपक्रम. प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने तो उभा राहिला. सुमारे दहा दहा मिनिटांचे पाठ, पडद्यावर प्रत्यक्ष कृती आणि कानावर निवेदन. पडद्यावरील अक्षरे इंग्रजीच राहतात, कारण नोकरीत तीच भेटणार. पण निवेदन मराठीसकट अनेक भारतीय भाषांत ऐकावयास मिळते. पाठ नुसता पाहावयाचा नसतो. पडद्याच्या एका बाजूस पाठ आणि दुसऱ्या बाजूस आपले काम ठेवून, थांबत थांबत, प्रत्येक पायरी स्वतः करावयाची असते. ही पद्धत हत्यारे हाताळण्यास शिकविण्यासाठी उत्तम आहे. रचनेपर्यंत ती एकटी नेत नाही. तसा तिचा दावाही नाही. पण भाषेचा जो निर्णय त्यांनी घेतला तो रचनेच्या शिक्षणात तर फारच अगत्याचा आहे. रचनेचा विचार हा संगणकाच्या भाषेत होत नसून माणसाच्या भाषेत होतो. ‘सुटी कोणाला ठाऊक असावी?’ हा प्रश्न त्या मुलाला मराठीत पडला. इंग्रजीत बोलण्याची सक्ती असती तर तो बहुधा गप्प बसला असता, आणि मग त्याला काय समजले नाही हेही कोणाला समजले नसते. आमच्या सीमाभागातली मुले घरी मराठी, बाजारात कन्नड आणि पुस्तकात इंग्रजी अशी तीन घाटांचे पाणी पितात. त्यांना विचार तरी एका घाटावर बसून करू द्यावा.

आता पैशाचा प्रश्न, कारण आक्षेप शेवटी तेथेच येतो. इतक्या स्वाध्यायांवर शेरे लिहावयाचे तर माणसे किती लागतील? हिशेब करू या. एका विषयाला एक हजार विद्यार्थी आहेत असे धरा. प्रत्येकाचे वर्षाला चार स्वाध्याय, आणि प्रत्येक स्वाध्याय वाचून त्यावर नीट लिहावयास अर्धा तास. एकूण दोन हजार तास झाले. रोज आठ तास काम करणारा एक माणूस अडीचशे दिवसांत ते पुरे करील. म्हणजे हजार विद्यार्थ्यांमागे, एका विषयाला, एक पूर्णवेळ तपासनीस. किंवा वीस-पंचवीस अर्धवेळ तपासनीस, ज्यांना आठवड्यास दोन तास द्यावे लागतील. हा आकडा ऐकून कोणाला घेरी येण्याचे कारण नाही. ध्वनिचित्रमुद्रणाच्या सुसज्ज खोल्या बांधण्यास पैसा मिळतो, आणि स्वाध्यायावर दोन ओळी लिहिणाऱ्यास मात्र इतके तुटपुंजे मानधन ठरते की तो सही करून मोकळा होतो. त्या मुलाचे तीस गुण कोठे गेले, याचे उत्तर मला येथे सापडते.

२०२२ च्या अखेरीपासून मागेल तो प्रोग्राम लिहून देणारी कृत्रिम बुद्धीची साधने सर्वांच्या हाती आली आहेत. त्यामुळे काही पालक मला विचारतात, ‘सर, आता हे शिकून उपयोग काय?’ माझे मत उलट आहे. लिहिण्याचे काम यंत्राकडे गेले तर ‘काय लिहावयाचे आणि कोठे वाटावयाचे’ हा निर्णयच माणसाकडे उरतो. दूरस्थ शिक्षणापुढे मात्र या साधनांनी एक अवघड पेच टाकला आहे: टपालाने आलेला स्वाध्याय कोणी केला? यावर पहारे बसवून फारसे साधेल असे मला वाटत नाही. विद्यार्थ्याला फोनवर दहा मिनिटे विचारावे की, हा भाग वेगळा का केलास, आणि उद्या अमुक बदलले तर काय करशील? ज्याने विचार केला असेल तो बोलेल. साधनाकडून लिहून घेऊनही ज्याने त्यावर विचार केला असेल, तोही बोलेल. आणि तसे असेल तर त्याला गुण देण्यास माझी हरकत नाही.

कोणी म्हणेल, समोरासमोर बसल्याखेरीज ही विद्या पुरी होणार नाही. पण ज्या धंद्यासाठी आपण हे शिकवितो तो धंदाच मुळी दुरून चालतो, याचा विसर पडू नये. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली फिनलंडात आरंभिलेले लिनक्स जगभरच्या हजारो माणसांनी वाढविले. त्यांतील कित्येकांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नाही. एकाने सुचविलेला बदल दुसरा वाचतो, त्यावर लेखी हरकत घेतो, पहिला तो सुधारून पुन्हा धाडतो. तेव्हा लेखी टीका सोसणे, तिला लेखी उत्तर देणे आणि दुसऱ्याच्या कामावर सभ्य शब्दांत पण स्पष्ट टीका करणे, या गोष्टी दूरस्थ विद्यार्थ्याला पहिल्या दिवसापासून कराव्या लागतात. वर्गात बसणारा त्या पुष्कळदा नोकरीत गेल्यावर शिकतो. मेल्व्हिन कॉन्वे यांनी १९६८ सालीच लिहून ठेवले आहे की, जी संस्था एखादी व्यवस्था रचते, तिच्यातील माणसांचे परस्परांशी बोलणे जसे असेल तसाच घाट त्या व्यवस्थेला येतो. कित्येक सरकारी कचेऱ्यांच्या संगणकावर अर्ज भरताना या वाक्याची मला आठवण होते.

तथापि थोडेसे तरी समोरासमोर बसणे हवे, हे मीही मानतो. आणि त्याची सोय विद्यापीठाची वाट न पाहता गावातल्या गावात होऊ शकते. केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९८९ साली एक साधी युक्ती सुचविली. जी व्यवस्था रचावयाची तिच्या प्रत्येक भागासाठी एक कोरे कार्ड घ्यावे. वर त्या भागाचे नाव, डावीकडे त्याने करावयाची कामे, उजवीकडे त्याला ज्यांची मदत लागेल अशा इतर भागांची नावे. कार्डावर जागा थोडी असते, हाच त्यातला गुण. एका भागावर कामांचा फार बोजा पडला की कार्ड भरून जाते आणि तो डोळ्यांना दिसतो. मग प्रत्येकाने एकेक कार्ड हातात धरावे आणि एक प्रसंग नाटकासारखा करून पाहावा: सभासद पुस्तक घेऊन आला, उशीर झालेला आहे, आता कोणी कोणाला काय विचारावयाचे? ज्याच्याकडे उत्तर नाही तो अडखळतो, आणि रचनेतला दोष तेथल्या तेथे सापडतो.

बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, म्हापसा, मडगाव अशा आपल्या गावांतून आणि शहरांतून जुनी मराठी वाचनालये आहेत आणि त्यांतील खोल्या रविवारी सकाळी बहुधा रिकाम्याच असतात. बाहेरून पदवी घेणारी चार-पाच मुलेमुली प्रत्येक गावात निघतील. त्यांतल्या कोणाला दुसरीही तशीच शिकत असल्याचा पत्ता नसतो. वाचनालयाच्या फळ्यावर एक सूचना लावली तर ती एकत्र येतील. त्यांच्यापुढचा पहिला प्रश्नही त्या खोलीतच तयार आहे: याच वाचनालयाची देवघेव कशी रचावी? ग्रंथपाल शेजारी असल्यामुळे नियम कसकसे बदलत आले, हे विचारावयाचीही सोय आहे. दोन तासांसाठी एक टेबल, पाच खुर्च्या आणि कोऱ्या कार्डांचा एक गठ्ठा पुरे. इंटरनेट त्या दोन तासांत बंद असले तरी काही अडत नाही.